७२ तास आणि एक आवक शिक्का

"रिपोर्ट डॉक्टरांकडे गेलेत काकू. तुम्हाला काय कळणार त्यातलं?" एका पॅथॉलॉजी लॅबच्या काचेमागून हे वाक्य साठीच्या एका बाईंना ऐकवलं गेलं. सांगणाऱ्या मुलीच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, असलीच तर थोडी माया होती. बाईंनी काचेखालून आत सरकवलेली पैसे भरल्याची पावती तशीच परत आली. त्यांनी तिची घडी घातली, "बरं बाई" म्हणाल्या आणि निघून गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. पण वाक्य खुपत राहतं, कारण त्यात कळणं आणि मिळणं यांची गल्लत आहे. सातबाऱ्यावरचे फेरफार किती जणांना धड वाचता येतात? म्हणून तलाठी उतारा द्यायचा थांबत नाही. रक्त ज्याच्या दंडातून निघालं, पैसे ज्याच्या पाकिटातून गेले, त्याच्या हातात कागद मात्र सगळ्यात शेवटी पडतो आणि बऱ्याचदा पडतच नाही.

काचेपलीकडच्या बाजूलाही बोलण्यासारखं आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या पानावर एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की माणूस रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावतो. निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, त्याला रिपोर्टवर 'नॉर्मल रेंज' म्हणतात. म्हणजे ठणठणीत असलेल्या शंभरातले पाच जण कोणत्याही एका चाचणीत पट्ट्याबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचेही सगळे आकडे पट्ट्यात बसण्याची शक्यता साधारण ३६ टक्केच उरते. तेव्हा मोनोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, दोन टक्क्यांनी वर गेले म्हणून रात्र जागवणाऱ्या पेशंटला डॉक्टर वैतागले, तर त्यात नवल नाही. फक्त त्या वैतागावर उपाय समजावून सांगणं हा आहे, कागद अडवणं नव्हे.

आपल्याकडे घरोघर एक पिशवी असते. बहुतेकदा साडीच्या दुकानातली, जाड प्लॅस्टिकची, बंद तुटलेली. दाराआडच्या खिळ्याला टांगलेली. आत घामट वासाचे केसपेपर, स्टेपलरच्या गंजलेल्या पिना, मेडिकलची बिलं आणि मधे कुठेतरी ईसीजीची पट्टी. एक्स-रेचं पाकीट मोठं, म्हणून ते कपाटामागे उभं. या पिशवीची थट्टा करण्यात अर्थ नाही, कित्येक घरांचा वैद्यकीय इतिहास तिच्यामुळेच टिकलाय. पण ईसीजीचं तिथे काही खरं नसतं. ईसीजी उमटतो थर्मल कागदावर, शाईने नव्हे, उष्णतेने. उन्हाने तो पुसट होतो, चिकटपट्टीखाली पुसट होतो, आणि ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात आपण तो काळजीने जपतो त्या कव्हरातल्या रसायनानेही पुसट होतो. दोन-चार वर्षांनी छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी "जुना ईसीजी आहे का?" विचारलं, की हातात कोरी गुलाबी पट्टी येते. तो जुना ईसीजीच सांगणार असतो की आजचा बदल नवा आहे की पहिल्यापासूनचा. तेव्हा ईसीजी मिळाला की त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलमध्ये सरळ वरून फोटो घ्यावा, सावली न पडता, नाव आणि तारीख दिसेल असा.

कायद्याबद्दल लोकांची समजूत अशी, की या बाबतीत काही नियमच नसावा. नियम आहे, आणि तो जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की केसपेपर गोपनीय आहेत या सबबीवर हॉस्पिटलने पेशंटला किंवा नातेवाइकांना प्रती नाकारू नयेत. गोपनीयता पेशंटच्या भल्यासाठी असते, त्याच्याचविरुद्ध नव्हे. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत ते स्पष्ट अक्षरांत आलं. दाखल झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचं, आणि पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितलं तर रीतसर पोच देऊन ७२ तासांत द्यायचं. न देणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली, त्यामुळे २००२ चीच पुढे चालू राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत आणखी एक बारीक भर पडली: पेशंट दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत, झेरॉक्सचा खर्च घेऊन. महाराष्ट्राने १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. ती कुठे लावलीय ते एकदा बघा. कित्येकदा पाण्याच्या कूलरमागे सापडते.

'रीतसर पोच' हे शब्द सगळ्यात कामाचे आहेत.

काउंटरवर तोंडी मागितलं की ७२ तास कधी सुरू झाले ते दाखवताच येत नाही. "साहेब आले की बघू" हे उत्तर कुठल्याच घड्याळात मोजता येत नाही. अर्ज कागदावर हवा, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, वेळ, सही. शिक्का द्यायला कां-कू केली तर तोच अर्ज हॉस्पिटलच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवायचा. अर्जाचा मजकूर जेमतेम दहा ओळींचा. पेशंटचं पूर्ण नाव, ते दाखल होताना ज्या स्पेलिंगने लिहिलं गेलं त्याच स्पेलिंगने. आयपीडी क्रमांक, म्हणजे दाखल झाल्याचा नोंदणी क्रमांक, हॉस्पिटल देत असेल तर यूएचआयडी, म्हणजे पेशंटचा कायमचा क्रमांक, दाखल झाल्याची आणि डिस्चार्जची तारीख, वॉर्ड, मुख्य डॉक्टरांचं नाव. ओळखपत्राची प्रत. झेरॉक्सचा खर्च द्यायला तयार असल्याचं एक वाक्य. दुसऱ्याच्या वतीने जात असाल तर पेशंटच्या सहीचं अधिकारपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई किंवा वडील. माणूस गेला असेल तर वारस असल्याचा पुरावा. कारण लिहायची गरज नाही. नियमात कारण विचारलेलंच नाही. "सेकंड ओपिनियनसाठी" असं लिहिलं तर वातावरण निवळतं हे खरं, पण ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

गडबड होते ती "सगळे कागद द्या" या वाक्यात. हे लिहिलं की डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मिळते, आणि देणाऱ्याला वाटतं आपण दिलं. डिस्चार्ज कार्ड म्हणजे गोषवारा, बहुधा शेवटच्या दुपारी एखाद्या निवासी डॉक्टरने घाईत टाइप केलेला. खरी फाइल वेगळी. विमा कंपन्यांचे लोक तिला 'आयसीपी' म्हणतात, म्हणजे इनडोअर केसपेपर. त्यात काय काय असतं ते नावानिशी मागावं: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, ताप-नाडी-बीपीचा तक्ता, पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली याचा तक्ता, औषध दिल्याच्या वेळांचा तक्ता, संमतीपत्रं, ऑपरेशनची टिपणी, भुलीचा तक्ता, आयसीयू चार्ट, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांची मतं, आणि सगळे तपासणी अहवाल. स्टेंट किंवा गुडघा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचे स्टिकर. त्यावर कंपनीचं नाव, आकार आणि बॅच क्रमांक असतो. शेवटी एक ओळ: पानांवर क्रमांक घालून, सही-शिक्क्यानिशी खऱ्या प्रती म्हणून द्याव्यात. पानांवर क्रमांक नसले की नंतर एखादं पान कमी झालं की वाढलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता ज्या गोष्टीकडे अर्ज करणाऱ्यांचंही लक्ष जात नाही, तिच्याकडे. रिपोर्ट म्हणजे मत असतं. एमआरआयच्या कागदावर जे दोन परिच्छेद असतात, ते एका रेडिओलॉजिस्टने त्या दिवशी पाहून लिहिलेलं मत. ज्यावरून ते मत बनलं, त्या प्रतिमा हा खरा ऐवज. सिटी स्कॅनमध्ये शेकडो काप असतात, फिल्मवर त्यातले निवडक चौकोन छापले जातात. दुसऱ्या डॉक्टरला नव्याने बघायचं असेल तर त्याला सीडी किंवा पेन ड्राइव्ह लागतो, आणि तोही 'डायकॉम' या स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपात. साध्या फोटोंच्या स्वरूपात दिलेल्या प्रतिमांत अंतर मोजता येत नाही, उजेड बदलून हाड आणि मऊ ऊती वेगवेगळ्या बघता येत नाहीत. फिल्म खिडकीला धरून काढलेला व्हॉट्सअॅपचा फोटो तर निव्वळ समाधानासाठी. अँजिओग्राफीचं आणखी वेगळं: ती हलती प्रतिमा आहे, कागदावर छापलेल्या चार स्थिर चित्रांवरून कुठलाही सर्जन बायपासबद्दल ठामपणे बोलणार नाही. म्हणून सीडी तिथल्या तिथेच उघडून बघायला सांगावी. सीडी कोरी निघते, अर्धवट लिहिली जाते, पाकिटावर आपलं नाव आणि आत दुसऱ्याचा गुडघा, असंही होतं. नाव, तारीख आणि प्रतिमा उघडतायत ना, एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. आणि हे त्याच दिवशी करावं, कारण सर्व्हरवर जागा कमी पडली की जुने स्कॅन पुसले जातात, आणि मग कितीही शिक्क्यांचा अर्ज असला तरी देणाऱ्याकडेच काही नसतं.

गाठीच्या तुकड्याचंही तसंच. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमधून, म्हणजे तो सडू न देणाऱ्या द्रावातून, काढून, प्रक्रिया करून मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात, त्या स्लाइड्स. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये गेलात की पहिल्यांदा हेच मागतात, स्लाइड आणि ब्लॉक, नुसता रिपोर्ट नव्हे. गावाहून रात्रीच्या गाडीने आलेलं कुटुंब लॅमिनेट केलेला रिपोर्ट पुढे करतं आणि त्यांना परत लॅबकडे जावं लागतं. (लॅमिनेशन करूच नये, गरम रोलरखालून काढलं की थर्मल कागद तर काळाच होतो.) लॅब सहसा ब्लॉक लेखी पोच घेऊन देते. देताना ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघायचं, किती ब्लॉक आणि किती स्लाइड्स हे पावतीवर लिहून घ्यायचं. ब्लॉक द्यायला लॅब तयारच नसेल तर त्यातून न रंगवलेले नवे काप काढून मागता येतात. स्लाइड्स कागदात गुंडाळून नेल्या की फुटतात, त्यांना प्लॅस्टिकची चपटी डबी मिळते. आणि ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, तेव्हा मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवून जेवायला जाऊ नये.

काही निकाल असे असतात की ते येतात तेव्हा पेशंट घरी पोचलेला असतो. पित्ताशय काढलं, टाके सुकले, माणूस कामाला लागला. काढलेलं पित्ताशय तपासायला गेलं होतं हे कुणाच्या लक्षातच नाही. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित कॅन्सर सापडतो, आणि तो फक्त त्या रिपोर्टात लिहिलेला असतो. छोट्या गावांत तर बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात, "लॅबला नेऊन द्या" म्हणून. मग ती घरी फळीवर राहते, किंवा आत फॉर्मलिनऐवजी सलाइन असतं आणि तुकडा सडतो. फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. बरणीत गच्च कोंबलेला अवयव आतून कुजतो. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, अंतिम निकाल पाच दिवसांपर्यंत लांबतो. टीबीचं कल्चर द्रव माध्यमात सहा आठवडे, जुन्या घन माध्यमात आठ. तोवर पेशंटने गाव बदललेलं असतं, नंबर बदललेला असतो, आणि चालू असलेली गोळी त्याच्या जंतूवर चालत नाही हे सांगणारा कागद ट्रेमध्ये पडून असतो. डिस्चार्ज घेताना एकच प्रश्न विचारावा: कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत, ते केव्हा येणार, आणि कुणाकडे येणार? उत्तर डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्यावं.

नोंदणीच्या खिडकीवर मोबाइल नंबर विचारतात तिथेच निम्मा हक्क ठरून जातो. हल्ली रिपोर्ट पीडीएफ होऊन त्या नंबरवर जातो. बाईंची नोंद असते नवऱ्याच्या नंबरवर, आईची मुलाच्या. तपासणी गर्भाशयाची, आणि पहिला वाचतो दीर. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, फोन एकच स्मार्ट असतो इतकंच. पण आपला निकाल आपल्याला घरातल्या कुणीतरी 'सांगितला' तेवढाच कळणं, हे बायकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही अडतंय असं त्यांनाही वाटत नाही.

आणि कॅन्सरचा रिपोर्ट आला की कागद अडवण्यात घरच हॉस्पिटल होतं. "बाबांना सांगू नका, ते खचतील." काउंटरवर मुलगा हलक्या आवाजात सांगतो, फाइल माझ्याच हातात द्या. डॉक्टर मान डोलावतात. नियमाने बोलायचं तर सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाचा कागद त्याचा आहे, मुलाचा नाही. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून हे वाक्य जिभेवर येत नाही, हेही तितकंच खरं. पण केमोच्या वॉर्डात बसलेल्या बाबांना पाटीवरचं खात्याचं नाव वाचता येतंच की. त्यांना सगळं ठाऊक असतं आणि ते मुलासाठी न कळल्यासारखं दाखवत राहतात. या लपवालपवीत पैशांचे, शेतीचे, मुलीच्या लग्नाचे जे निर्णय त्यांनी स्वतः घेतले असते ते राहून जातात. कायद्याने रिपोर्ट रोखायला जागा ठेवलीय ती फार चिंचोळी. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे एखादी माहिती दिल्याने मानसिक आजाराच्या पेशंटला गंभीर मानसिक इजा होणार असेल किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर तेवढीच माहिती डॉक्टर राखून ठेवू शकतात. आणि तेव्हाही त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे पेशंटला सांगावं लागतं. "खचतील" हे कारण त्यात बसत नाही.

कागद हातात आल्यावर आकड्याआधी एकक पाहावं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारं ट्रोपोनिन ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर, दोन्ही एकच. पण एका रिपोर्टवर ०.०४ आणि दुसऱ्यावर ४० पाहून घरात रडारड झालेली असते. लंडनला असलेला मुलगा शुगर ७ सांगतो आणि इथली आई घाबरते. त्याला १८ ने गुणलं की १२६ येतात. खाली सही कुणाची आहे तेही बघावं. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. नुसतं 'टेक्निशियन' लिहिलेला कागद दुसऱ्या हॉस्पिटलात बाजूला सारला जाऊ शकतो.

सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलात खिडकी वेगळी. तिथे एमआरडी, म्हणजे रेकॉर्ड खातं, बहुतेक वेळा तळमजल्यावर, दमट, फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचं. तिथला कर्मचारी आयपीडी क्रमांक आणि तारीख दिली तर गठ्ठा शोधून देतो. न देता गेलात तर "सापडत नाही" म्हणतो आणि तेही खोटं नसतं. ७२ तासांचा अर्ज इथेही करायचा. दाद लागली नाही तर माहिती अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, पानाला २ रुपये, ३० दिवसांची मुदत, आणि जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. तेव्हा पेपर, बिल आणि नर्सची तक्रार एकाच कागदात कालवू नये.

खासगीत अडवणुकीचं नेहमीचं कारण बिल. थकबाकी आहे, कागद नंतर. ७२ तासांच्या नियमात बिल भरण्याची अट घातलेली नाही, आणि बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही असं सनदेतच आहे. दुसरं कारण विमा: "ओरिजिनल टीपीएकडे गेलं", म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे. क्लेमला मूळ कागद लागतात हे खरं, म्हणून ते सोडण्याआधी पूर्ण संच स्कॅन करून ठेवायचा. ७२ तास उलटले तर आवक शिक्क्याची प्रत जोडून तक्रार करायची. आधी हॉस्पिटलच्या तक्रार कक्षाकडे, मग नर्सिंग होमची नोंदणी करणाऱ्याकडे, म्हणजे शहरात पालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे.

माणूस दगावल्यावरचा अर्ज सगळ्यात अवघड. वारसांना मृत्यूचा सारांश आणि तपासण्यांचे कागद मागता येतात, पण त्या आठवड्यात कोण मागतं? दुखवट्याला आलेला एखादा वकील नातेवाईक विषय काढतो आणि घरातल्यांना तो नकोसा होतो. इकडे ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची, रेकॉर्ड सांभाळायची सक्ती तीन वर्षांची, आणि सुरुवात उपचाराच्या पहिल्या दिवसापासून. दीर्घ आजारात त्यातली पहिली पानं माणूस असतानाच मुदतीबाहेर जायला लागलेली असतात. अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. कागद घरात आल्यावर ते कुणाला दाखवायचे की तसेच कपाटात ठेवून द्यायचे, हे नंतर सावकाश ठरवता येतं.